चित्रकला शिकून पुढे काय? कलाशिक्षण आणि संग्रहालयाच्या अभ्यासाची वाट नाशिकच्या गावांतून कशी जाते, समजून घ्या

नाशिक : बारावीचा निकाल लागला की घरोघरी तीच चर्चा सुरू होते. नर्सिंग, डीएड, आयटीआय, फार्मसी, पोलीस भरती. एखाद्या मुलीने किंवा मुलाने "मला चित्रकला शिकायची आहे" असं म्हटलं, की ओट्यावरची माणसं गप्प होतात. मग कोणीतरी विचारतंच, "चित्रं काढून पोट भरतं का?"

प्रश्न चुकीचा नाही. कांद्याच्या भावावर वर्षाचं गणित ठरणाऱ्या घरात तीन-चार वर्षांचा खर्च करायचा, तर पुढे काय हे विचारावंच लागतं. पण चित्रकला म्हणजे फक्त चित्रं काढून विकणं, हा समज मात्र अर्धवट आहे. कला शिकवणं, संग्रहालयात येणाऱ्या लोकांना वस्तू समजावून सांगणं, गावातली कला आणि जुन्या वस्तू जपणं, शाळेत आणि वाडीवस्तीवर जाऊन मुलांबरोबर काम करणं, हाही एक अभ्यास आहे. जगात अनेक विद्यापीठांत तो शिकवला जातो. आपल्याकडे तो एकाच कोर्समध्ये सहसा मिळत नाही, दोन-तीन वाटा जोडून करावा लागतो. त्या वाटा कोणत्या, खर्चाचं काय, नोकरी कुठे आणि आपल्या जिल्ह्यात त्यासाठी काय आहे, याची ही माहिती.

नेमकं शिकायचं काय असतं?

आधी चार गोष्टी वेगळ्या करून घेऊ, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

पहिली, कला करायला शिकणं. रेखाटन, रंगकाम, शिल्प, छपाई, डिझाइन हे सगळं त्यात येतं. यासाठी बीएफए म्हणजे ललित कलेची पदवी असते.

दुसरी, शाळेत कला शिकवायला शिकणं. यासाठी एटीडी म्हणजे कला शिक्षक पदविका आणि त्यापुढचे कलाशिक्षणाचे कोर्स आहेत.

तिसरी, संग्रहालय चालवायला शिकणं. वस्तूची नोंद कशी करायची, ती खराब होऊ नये म्हणून काय करायचं, मांडायची कशी, याला वस्तुसंग्रहालयशास्त्र म्हणतात.

चौथी गोष्ट या तिन्हींच्या मधली. वस्तू आणि माणूस यांची गाठ घालून देणं. संग्रहालयात काचेआड एक मडकं ठेवलंय आणि खाली दोन ओळींची पाटी आहे. तिसरीतलं पोर ते बघून दहा सेकंदात पुढे जातं. त्याच पोराला थांबवून त्या मडक्याबद्दल प्रश्न पडायला लावणं, त्याच्या आजीच्या घरातल्या रांजणाशी ते मडकं जोडून देणं, हे काम ज्याला जमतं तो संग्रहालय शिक्षक. हेच काम संग्रहालयाबाहेर, म्हणजे आश्रमशाळेत, अंगणवाडीत, वृद्धाश्रमात किंवा बचतगटात केलं, की ते लोकांमधलं कलाशिक्षण होतं.

एक धडा कसा असतो? जोगलटेंभीचं उदाहरण

हे काम कसं चालतं, हे समजायला लांब जायची गरज नाही.

गोदावरीकाठच्या जोगलटेंभी गावात १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून जास्त होती. ती क्षत्रप राजा नहपान याची होती. पण त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर एक गंमत होती. नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसऱ्या राजाने आपला छाप मारलेला होता. तो राजा म्हणजे सातवाहन घराण्यातला गौतमीपुत्र सातकर्णी.

आता हीच माहिती दोन प्रकारे देता येते. एक, फळ्यावर लिहून द्यायची आणि पाठ करून घ्यायची. दुसरी, नाण्याचा मोठा फोटो मुलांच्या हातात द्यायचा आणि विचारायचं, "यात काय दिसतंय? चेहरा एक आहे की दोन छाप आहेत? आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं? नवीन नाणं पाडायचं सोडून जुन्यावरच छाप का मारला असेल?" मुलं डोकं लावतात. कोणी म्हणतं, चांदी वाचवायला. कोणी म्हणतं, आता माझं राज्य आलं हे सगळ्यांना कळावं म्हणून. यातून मुलं एक गोष्ट शिकतात, की वस्तू नीट बघितली तर ती पुराव्यासारखी बोलते.

मग त्याच मुलांना पांडवलेण्यांवर न्यायचं. तिथे एकूण २४ लेणी आहेत. १० क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई ऋषभदत्त याचे लेख आहेत. ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे आणि त्यात आपल्या मुलाने क्षहरात, म्हणजे नहपानाचं घराणं, संपवल्याचं ती सांगते. म्हणजे नाण्यावरची गोष्ट आणि डोंगरावरची गोष्ट एकच आहे. हरलेल्याचे लेख आणि जिंकलेल्याचे लेख एकाच डोंगरात आहेत. सहलीला जाऊन फक्त सेल्फी काढून परत येणाऱ्या मुलांना हे कोणीच सांगत नाही. ते सांगणारा माणूस तयार करणं, हाच या शिक्षणाचा उद्देश.

त्र्यंबकचा मुलगा ही वाट आधीच चालून गेला

कलाशिक्षण घेऊन पुढे काय, याचं जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण सर्वांना माहीत आहे, पण या बाजूने त्याकडे कोणी बघत नाही.

दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. ते आधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, नंतर बडोद्याच्या कलाभवनात. तिथे त्यांनी चित्रकलेबरोबर फोटोग्राफीही शिकून घेतली. पुढे काही काळ त्यांनी भारतीय पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली. मग छपाईचा धंदा केला. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांसमोर आला तो या सगळ्यानंतर.

कलाशिक्षणाचं हे असंच असतं. एका सरळ रस्त्याने नोकरीच्या दारात नेऊन सोडत नाही. पण हातात आलेलं कसब चार ठिकाणी उपयोगी पडतं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचं स्मारक आहे. तिथे जाणाऱ्या पोरांना एवढं तरी सांगायला हवं, की हा माणूस पुरातत्त्व खात्यात नोकरीला होता.

शाळेपासून सुरुवात : ग्रेड परीक्षा

या वाटेची पहिली पायरी गावातल्या शाळेतच आहे. राज्याच्या कला संचालनालयातर्फे शासकीय रेखाकला परीक्षा होतात, त्यांनाच सगळे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट म्हणतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुणही मिळतात, म्हणून अनेक मुलं बसतात. पण गुणांपेक्षा मोठा फायदा म्हणजे पुढच्या कलाशिक्षणासाठी हा पाया धरला जातो.

अडचण अशी, की फॉर्म शाळेमार्फत भरावा लागतो. शाळेत चित्रकलेचे शिक्षक नसतील, तर फॉर्म कधी आला आणि कधी गेला हे मुलांना कळतच नाही. पालकांनी शाळा सुरू झाल्या झाल्या मुख्याध्यापकांकडे चौकशी करावी. आपल्या शाळेत केंद्र नसेल, तर जवळच्या हायस्कूलमार्फत बसता येईल का, हेही विचारावं.

दहावी-बारावीनंतर

कला शिक्षक पदविका आणि फाउंडेशनसारखे कोर्स कला संचालनालयाच्या अखत्यारीत येतात. राज्यभर अशी शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित कला महाविद्यालयं आहेत. नाशिक शहरात नाशिक कलानिकेतन संस्थेचं चित्रकला महाविद्यालय जुनं आणि नावाजलेलं आहे. प्रसिद्ध निसर्गचित्रकार शिवाजी तुपे यांचं नाव याच संस्थेशी जोडलेलं आहे.

बीएफए ही चार वर्षांची पदवी. तिच्या प्रवेशासाठी बारावीनंतर राज्य सीईटी कक्षाची कला शाखेची सीईटी द्यावी लागते. यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान असे भाग असतात. या परीक्षेला महागडा क्लास लागतोच असं नाही. रोज एक पान रेखाटन केलं, घरातली बादली, विळा, कंदील, घंगाळ समोर ठेवून काढलं, आठवडी बाजार बघून आल्यावर आठवणीने काढला, तर निम्मी तयारी तिथेच होते. गावातल्या मुलांना बघण्यासारखं भरपूर असतं. कमी पडतो तो सराव आणि वेळेवर मिळणारी माहिती.

मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ सालची. २०२३ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथली प्रवेशाची पद्धत दरवर्षी त्यांच्याच माहितीपत्रकात बघावी. कॉलेज कोणतंही असो, मान्यता आहे का, हे फी भरण्याआधी कला संचालनालयाच्या यादीत तपासून घ्यावं.

पदवीनंतर संग्रहालयाची वाट

इथे एक महत्त्वाची गोष्ट. संग्रहालयाच्या क्षेत्रात जाण्यासाठी चित्रकलेचीच पदवी लागते असं नाही. इतिहास, मराठी, मानववंशशास्त्र, विज्ञान अशा वेगवेगळ्या शाखांची मुलं पदवीनंतर इकडे वळतात. म्हणजे तालुक्याच्या कॉलेजात साधं बीए केलेल्या मुलीलाही हा दरवाजा उघडा आहे.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात वस्तुसंग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे. देशात या विषयाचं विद्यापीठातलं शिक्षण तिथूनच सुरू झालं. नाशिकहून सुरत मार्गे बडोदा फार लांब नाही. सुरगाणा, बागलाणच्या मुलांना तर ते जवळचंच.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्र आणि जतन या विषयाची पदव्युत्तर पदविका आहे. फायदा असा, की शिकायची जागाच संग्रहालयात. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातही कलेचा इतिहास आणि प्रदर्शन मांडणी यावर पदव्युत्तर पदविका चालते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं शिक्षण मिळतं. याच डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिकच्या मातीच्या गढीचं उत्खनन केलं होतं. नोएडाला केंद्र सरकारची राष्ट्रीय पातळीवरची संस्था आहे, तिथे कलेचा इतिहास, जतन आणि संग्रहालयशास्त्र हे तिन्ही विषय शिकता येतात.

ज्यांना शेती किंवा घर सोडून जाता येत नाही, त्यांच्यासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठातून घरी राहून पदवी पूर्ण करता येते आणि मग पुढच्या कोर्ससाठी अर्ज करता येतो. ज्या संस्थेत जायचं तिची पात्रतेची अट मात्र आधी वाचावी.

बाहेर जगात काय चाललंय?

इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात संग्रहालयाच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग १९६६ पासून आहे. अमेरिकेत कलाशिक्षणाच्या पदव्युत्तर शिक्षणात शाळेची वाट वेगळी आणि संग्रहालय व लोकांमधल्या कामाची वाट वेगळी अशी निवड करता येते. विद्यार्थ्यांना महिनोन्महिने एखाद्या संग्रहालयात किंवा वस्तीत प्रत्यक्ष काम करावं लागतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग इथे जगभरातल्या संग्रहालयांच्या संघटनेने संग्रहालयाची नवी व्याख्या मान्य केली. तिच्यात संग्रहालय सगळ्यांसाठी खुलं असावं आणि लोकांच्या सहभागाने चालावं, हे स्पष्ट लिहिलंय. साध्या भाषेत सांगायचं तर, "हात लावू नका, पुढे चला" हा जमाना मागे पडतोय.

आपल्या देशातही हे दिसतंय. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमध्येच संग्रहालय मांडून ते शाळांपर्यंत आणि गावांपर्यंत न्यायला सुरुवात केली. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात अंध व्यक्तींना हाताने चाचपून बघता येईल असं 'अनुभव' नावाचं दालन आहे. गुजरातमध्ये छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या तेजगढला गणेश देवी यांच्या 'भाषा' संस्थेने आदिवासी अकादमी उभी केली. तिथल्या 'वाचा' संग्रहालयात आदिवासी समाजाच्या वस्तू, आवाज आणि भाषा त्या समाजाच्याच माणसांनी जपल्या आहेत. सुरगाणा, पेठ भागातल्या मुलांनी हे एकदा बघून यावं असं आहे.

खर्चाचं काय?

शासकीय आणि अनुदानित कॉलेजची फी कमी असते, विनाअनुदानितची बरीच जास्त. पण कलाशिक्षणात फीपेक्षा साहित्याचा खर्च घरच्यांना अचानक जाणवतो. कागद, रंग, ब्रश, फ्रेम, प्रवास आणि शहरातली खोली. प्रवेशाआधी तिथे शिकणाऱ्या मुलांना वर्षाचा सगळा खर्च विचारून घ्यावा.

मदतीसाठी महाडीबीटी पोर्टलवरून अर्ज करावा. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, भटके-विमुक्त यांच्यासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागास मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आणि आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. प्रत्येक योजनेत कोणते कोर्स बसतात हे ठरलेलं असतं, म्हणून आपला कोर्स यादीत आहे का हे कॉलेजच्या ऑफिसात विचारूनच प्रवेश पक्का करावा.

केंद्र सरकारच्या सीसीआरटी या संस्थेच्याही शिष्यवृत्त्या आहेत. शाळकरी मुलांसाठी वेगळी आणि १८ ते २५ वयाच्या तरुण कलाकारांसाठी वेगळी. पारंपरिक कला करणाऱ्या घरातल्या मुलांनी ही संधी सोडू नये.

जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं ही कागदपत्रं निकालाआधीच काढून ठेवावीत. दरवर्षी कितीतरी मुलांची शिष्यवृत्ती गुणांमुळे नाही, कागदामुळे अडते.

नोकरी लागते का? खरं उत्तर

गोड बोलून उपयोग नाही. या क्षेत्रात कायमच्या सरकारी जागा थोड्या आहेत आणि जाहिराती वारंवार निघत नाहीत. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयात अभिरक्षक आणि तत्सम पदं असतात. भारतीय पुरातत्त्व खात्यातही असतात. पण भरतीची वाट बघत चार वर्षं घरी बसायची तयारी असेल तरच त्यावर भिस्त ठेवावी.

शाळेतल्या कलाशिक्षकांचं दुखणं वेगळं आहे. शिक्षण हक्क कायदा सांगतो, की सहावी ते आठवीच्या शाळेत पट शंभरच्या वर असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावेत. पण 'अंशकालीन' या शब्दातच सगळं आलं. पूर्ण पगाराची, पेन्शनची नोकरी ती नाही. लहान पटाच्या वाडीवस्तीवरच्या शाळा तर या नियमातही बसत नाहीत. चित्रकलेचा तास गणिताच्या मास्तरांनी घ्यायचा किंवा घ्यायचाच नाही, असं अनेक ठिकाणी चालतं. म्हणजे जिथे मुलांना शिक्षकाची सगळ्यात जास्त गरज, तिथेच तो नाही.

मग काम मिळतं कुठे? खासगी आणि ट्रस्टच्या संग्रहालयांत, कलादालनांत, इंग्रजी माध्यमाच्या शाळांत, मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांत, पर्यटनात, प्रदर्शनं आणि स्मारकं मांडणाऱ्या कंपन्यांत. यातलं बरंचसं काम कंत्राटी असतं. सुरुवातीचा पगार फार नसतो. इंग्रजी थोडंफार, कॉम्प्युटर आणि लोकांशी बोलण्याची हातोटी असेल तर फरक पडतो. नाशिकला २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. येणाऱ्या लाखो लोकांना नाशिकची खरी ओळख करून देणारी, अभ्यास केलेली मुलं लागणार आहेत. ती इथलीच असावीत की बाहेरून यावीत, हा प्रश्न आहे.

शिकायला जिल्ह्यातच काय काय आहे?

कोर्स लांब असला तरी सराव इथे करता येतो.

अंजनेरीला त्र्यंबक रस्त्यावर नाणेशास्त्राच्या अभ्यासाची संस्था आहे, १९८० सालापासून. तिथलं नाणे संग्रहालय देशभरातल्या अभ्यासकांना माहीत आहे, आपल्याकडच्या शाळांना मात्र कमी. सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत गारगोटी हे खनिजांचं संग्रहालय आहे. विहीर खोदताना काळ्या खडकातून जे चमकदार खडे निघतात आणि आपण बाजूला टाकून देतो, तसले खडे तिथे काचेत ठेवलेत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, त्याचाही स्वतःचा वस्तुसंग्रह आहे. पेशवेकाळातला सरकारवाडा आहे, चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल आणि त्यातली भित्तिचित्रं आहेत, सिन्नरला गोंदेश्वर आहे, येवल्यात पैठणीचे माग आहेत.

बोहाडा, वारली आणि परवानगीचा प्रश्न

सगळ्यात मोठा ठेवा तर कोणत्याच इमारतीत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर बोहाड्याचे मुखवटे आहेत. कळवण, बागलाणमध्ये डोंगऱ्यादेवाचा उत्सव आहे. वारली घरांत लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणी आहेत.

वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आली ती १९७० च्या दशकात. मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू भागात जाऊन चित्रं काढणाऱ्यांना कागद आणि रंग दिले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढे जगभर गेले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कलाशिक्षण आणि समाज यांची गाठ पडली की काय होतं, त्याचं हे मोठं उदाहरण.

पण त्याची दुसरी बाजूही आहे. आज वारली चित्रं कप, चादरी, हॉटेलच्या भिंती सगळीकडे दिसतात. त्यातला किती पैसा पाड्यावर परत येतो? मुखवटा देवाचा असतो, उत्सव झाला की जपून ठेवतात. तो संग्रहालयात टांगायचा का, हे कोणी ठरवायचं? म्हणूनच या अभ्यासात परवानगी घेणं, वस्तू कोणाची आहे त्याचं नाव लिहिणं आणि मोबदला देणं हे विषय चित्रकलेइतकेच महत्त्वाचे धरले जातात. हे काम बाहेरून आलेल्या अभ्यासकापेक्षा त्या पाड्यातली शिकलेली मुलगी जास्त चांगलं करू शकते. तिला भाषा येते आणि काय विचारायचं नाही, हेही कळतं.

गावातच छोटं संग्रहालय करायचं तर

यासाठी डिग्रीची वाट बघायला नको. शाळेची एक रिकामी खोली किंवा ग्रामपंचायतीचा कोपरा पुरतो. मोट, तिफण, जातं, पायली, मापटं, कणगी, तांब्याचं घंगाळ अशा वस्तू अजून घरोघरी आहेत, पण दर दिवाळीला मोडीत जातायत. भंगारवाला किलोवर घेतो आणि आजोबांची आठवण त्याच्याबरोबर जाते.

सुरुवात नोंदवहीने करावी. प्रत्येक वस्तूला नंबर, नाव, कोणी दिली, कधी दिली, कशासाठी वापरत होते आणि दान दिली की फक्त ठेवायला दिली, हे लिहून देणाऱ्याची सही घ्यावी. पुढचे निम्मे भांडण-तंटे इथेच मिटतात. नंबर वस्तूवर खरवडू नये, दोऱ्याने चिठ्ठी बांधावी. वस्तू वापरलेल्या माणसाला मोबाइलसमोर बसवून पाच मिनिटं बोलतं करावं. मोट कशी धरायची हे सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत. लाकडी वस्तू जमिनीवर न ठेवता विटांवर फळी टाकून ठेवाव्यात, म्हणजे वाळवी लवकर लक्षात येते. कागद आणि कापड उन्हात मांडू नये. जुनं तांबं-पितळ चिंच लावून लखलखीत करायचा मोह टाळावा.

कायदाही माहीत असावा. नांगरताना किंवा पाया खोदताना पुरलेली नाणी, दागिने सापडले आणि त्यांची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ते वाटून घेणं किंवा सोनाराकडे वितळवणं हा गुन्हा ठरू शकतो. तसंच शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, शिल्पं यांना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. शेताच्या बांधावरची वीरगळ किंवा मूर्ती उचलून संग्रहालयात आणू नये. फोटो काढावा, जागा लिहून ठेवावी आणि पुरातत्त्व खात्याला कळवावं. वस्तू जिथे आहे तिथेच तिचा अर्थ जास्त असतो.

पालकांनी काय करावं?

मुलाचा हात खरंच चांगला आहे की फक्त अभ्यासाचा कंटाळा आहे, हे ओळखायला एक वर्ष पुरतं. रोज रेखाटन करतोय का, ग्रेड परीक्षेत काय मिळालं, न सांगता वही भरतेय का, हे बघावं. एकदा कॉलेजात स्वतः जाऊन यावं. सुट्टीत एखाद्या संग्रहालयात त्याला दिवसभर सोडून बघावं. संध्याकाळी घरी येऊन तो काय सांगतो, त्यावरून बरंच कळतं.

हातचा दुसरा पर्यायही ठेवावा. बीए करता करता रेखाटन सुरू ठेवलं, पदवीनंतर संग्रहालयाची पदविका केली, तर धोका कमी होतो. ज्याला चित्रंच काढायची आहेत त्याने बीएफएचा रस्ता धरावा. ज्याला शिकवायची आवड आहे त्याने कलाशिक्षणाची पदविका घ्यावी, पण कायम नोकरीची हमी नाही हे घरात आधी बोलून घ्यावं.

थोडक्यात

- आठवी ते दहावी : एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा द्यावी. फॉर्म शाळेमार्फत.
- बारावीनंतर : बीएफएसाठी सीईटी, किंवा कला शिक्षक पदविका, किंवा कोणत्याही विषयात बीए.
- पदवीनंतर : बडोदा, मुंबई किंवा नोएडा इथे संग्रहालयशास्त्र. पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज.
- पैसे : महाडीबीटी, स्वाधार, स्वयंम, सीसीआरटी. कागदपत्रं निकालाआधी.
- काम : सरकारी जागा कमी. ट्रस्टची संग्रहालयं, शाळा, संस्था, पर्यटन यांत जास्त, पण बहुतेक कंत्राटी.
- आजपासून : गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाशी बोलून एका जुन्या वस्तूची नोंद करावी. १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन असतो. तोवर पन्नास नोंदी झाल्या, तर शाळेच्या पडवीत गावाचं पहिलं प्रदर्शन भरवता येईल.